गुडघ्यातली फुगडी

मी छायाच्या उजव्या गुडघ्यातून बोलतेय. दचकू नका, दुखतंय म्हणून नाही, मजेत आहे म्हणून बोलतेय. दुखायला लागलं की शरीरातला कुणीही बोलतो. बरं असताना मात्र आम्ही सगळे गप्प बसतो, आणि मग माणसांना आमची आठवण राहत नाही. म्हटलं, एकदा सुखात असताना बोलून घ्यावं.

मी एक दोरी आहे. डॉक्टर मला टेंडन म्हणतात, आणि माझं खरं डॉक्टरी नाव इतकं लांब आहे की ते मलाच पाठ नाही. माझं माहेर मांडीच्या मागे. तुम्ही खुर्चीत बसला असाल तर टाच खुर्चीच्या पायाला मागे दाबा आणि गुडघ्याच्या मागे, आतल्या बाजूला बोट लावून बघा. ताठ दोरीसारखं काही लागलं ना? ती तुमची. मी छायाची. आमच्या घराण्यात मी सगळ्यात देखणी. हे मी म्हणत नाही, मला बाहेर काढलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले.

छाया मूळची कराडची, लग्न होऊन अजमानला आली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कोल्ड स्टोरेज कंपनीत अकाउंट्स बघते. तिच्या नोकरीत मला काम थोडंच असायचं. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेकवरून अॅक्सिलरेटरवर आणि परत ब्रेकवर पाय न्यायचा, मग दिवसभर टेबलाखाली लोळायचं. माझं काम खेचण्याचं. वरून हुकूम आला की मी खेचायचं, गुडघा वाकायचा, टाच मागे यायची. त्यात मला कधी कंटाळा आला नाही, पण खरं सांगायचं तर ते जगणं जरा बेचव होतं.

चव यायची ती फुगडीत. छाया बोलायला लागली की आत राहणाऱ्या सगळ्यांना ऐकावंच लागतं, आणि छाया फुगडी घालायला लागली की आत राहणाऱ्या सगळ्यांना नाचावंच लागतं. अजमानच्या मराठी बायकांमध्ये ती फुगडीची हेडमास्तरीण. झिम्मा, पिंगा, कोंबडा, सगळं तिला येतं आणि सगळ्यांना आलंच पाहिजे असा तिचा हट्ट. तिची जोडीदारीण शोभना, त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहणारी, साताऱ्याची. पंधरा वर्षं या दोघींनी एकमेकींचे हात धरलेत. पायाला पाय लावायचे, हातांची फुली करायची, मागे रेलायचं आणि भिंगरी. शोभनाचे हात हातात असले की छाया किती मागे रेलायची ते मला विचारा. छताकडे तोंड करून पडल्यासारखी.

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला त्यांच्या ग्रुपने एका हॉटेलचा हॉल घेतला. हॉलभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जाड गालिचा. बायका खूश.

"बरं झालं गं, पडलं तरी लागणार नाही," शोभना म्हणाली. छायाने त्यावर तिला टाळी दिली.

त्या टाळीची मला आजही गंमत वाटते. दोघींनी जन्मभर फरशीवर, कोब्यावर फुगडी घातलेली. तिथे पाऊल सरकतं. गालिच्यावर पाऊल सरकत नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. फुगडी सुरू झाली, रंगात आली, आणि एका गिरकीत छायाचं उजवं पाऊल गालिच्याने धरून ठेवलं. अंग पुढे फिरलं, पाऊल तिथेच. गुडघ्याच्या आत टक्क असा आवाज झाला. तिथे राहणारी माझी शेजारीण तुटली. मग हात सुटले, आणि एक इकडे, एक तिकडे पडली.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी गुडघा, मग हात. आम्हा आतल्यांना तो ठाऊक होता, बाहेर कुणालाच नाही.

"माझा हात सुटला गं! माझ्यामुळे पडली ती!" शोभनाने हॉलमध्ये हंबरडा फोडला. भरल्या डोळ्यांनी तिथेच सगळ्यांसमोर शपथ घेतली, की आता जन्मात फुगडी घालणार नाही.

त्यानंतर शोभना घरात यायची बंद झाली. डबे मात्र यायचे. डिंकाचे लाडू, नाचणीची खीर, मुगाचं कढण. डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि छाया कुबड्या सावरत दार उघडेपर्यंत लिफ्टने पसार. मे महिन्यात शोभनाच्या मुलाचं लग्न झालं साताऱ्याला, तिथेही छायाला जाता आलं नाही. म्हणजे शोभनाच्या मनावर आणखी एक धोंडा. लाडू चांगले होते. पण छायाला लाडू नको होते, शोभना हवी होती. खीर खाताना ती एकदा नवऱ्यासमोर, सदानंदसमोर, ढसाढसा रडली, आणि वरून म्हणाली, "वेलची जास्त झालीय."

गुडघ्याचे डॉक्टर हेमचंद्र, मंगळूरचे. बारीक आवाजात बोलणारे, हसरे.

"फुटबॉल?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पॅडल टेनिस? बॅडमिंटन?"

"फुगडी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. छायाने उत्साहाने समजावलं, "डॉक्टर, वो हम लेडीज लोग हाथ क्रॉस करके गोल गोल घूमते हैं ना, वो." आणि तिने हवेत हातांची फुली केली.

"अरे, यही तो!" डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी स्वतःची दोन बोटं एकमेकांवर फुलीसारखी ठेवली. "घुटने के अंदर भी दो लिगामेंट ऐसे ही क्रॉस होते हैं. एक आगेवाला, एक पीछेवाला. आपका आगेवाला गया."

मग नवीन दोरी कुठून आणायची यावर चर्चा झाली. गुडघ्याच्या वाटीखालची घेता येते, डॉक्टर म्हणाले, पण मग गुडघे टेकून बसताना काही जणांना पुढे दुखत राहतं. "आप घुटने टेक के बैठती हैं क्या? पूजा वगैरह?"

"बैठती हैं क्या म्हणजे! रांगोळी कौन निकालेगा?"

अशा रीतीने रांगोळीसाठी माझी निवड झाली. ठरलं, मांडीच्या मागची घ्यायची. सदानंद शारजाला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या धंद्यात. त्याला हे पटकन समजलं, पण पटेना. "म्हणजे हिचाच पार्ट काढून हिलाच बसवणार? मग मांडीचं काय?"

"वहाँ और भी हैं, संभाल लेंगी. कभी कभी तो नई भी उग आती है."

मी हे सगळं टेबलाखाली ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही. मुलीचं लग्न ठरवावं आणि तिला चहाच्या कपांबरोबर कळावं, तसं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी मी पहिल्यांदा उजेड पाहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक छोटा छेद, त्यातून एक पोकळ सळई सरकत वर आली आणि माझं माहेर सुटलं. मला एका बाजूच्या टेबलावर ठेवलं, साफ केलं. "वा, क्या मोटी है," डॉक्टर खूश होऊन म्हणाले, ते मी वर सांगितलंच. मग माझी चार पदरी घडी केली, टोकांना टाके घातले आणि मला ताणून ठेवलं. छायाला कमरेखाली भूल होती, वर ती शुद्धीवर. तिकडे तिचं चालूच. "डॉक्टर, हो गया क्या? नंतर कोंबडा करता येईल का?" कोंबडा म्हणजे काय हे विचारायला डॉक्टरांना तेव्हा फुरसत नव्हती.

मांडीच्या हाडात एक भोक, नडगीच्या हाडात एक भोक, आणि त्या दोन्हींतून मला ओवलं. दोन्ही टोकांना शर्टाला असतं तसं एकेक बटण. झाला माझा गृहप्रवेश.

आत अंधार, सूज आणि शांतता. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "नवीन का गं तू?"

ती मागची दोरी होती. जी तुटली तिची जोडीदारीण. दोघी एकमेकींना फुली करून जन्मापासून उभ्या, आणि पाडव्यापासून ही एकटी.

"हो," मी म्हटलं. "खेचायचं कुठून? हुकूम कुठून येतो?"

"इथे खेचायचं नसतं. इथे धरायचं असतं. नडगी पुढे सरकायला लागली की जाऊ द्यायचं नाही. बस."

"एवढंच?"

"करून बघ," ती म्हणाली.

मी करून बघितलं आणि माझी तारांबळ उडाली. जन्मभर खेचणाऱ्या बाईला नुसतं धरून उभं राहायला सांगा, वेड लागेल तिला. त्यात आणखी एक संकट. जुन्या घरी माझ्यापर्यंत रक्त पोचायचं, इथे पोचेना. माझ्या आतलं जुनं सगळं हळूहळू मरायला लागलं. नवीन रक्त, नव्या पेशी एकेक करून येत होत्या, पण सावकाश. दिसायला मी चौपदरी धडधाकट, आतून मात्र भिजल्या सुतळीसारखी झाले होते. मला भीती वाटत होती. खूप.

आणि नेमकी तेव्हाच छायाला अगदी छान वाटायला लागलं. सूज उतरली, कुबड्या गेल्या, गुडघ्याचा पट्टाही गेला. जिने चढता यायला लागले. त्याचं श्रेय हलिमाला. ही तिची फिजिओथेरपिस्ट, दापोलीजवळच्या गावची, पण जन्म शारजाचा. हाडं मोडतील अशा प्रेमाने बोलायची. "छायाताई, यल्ला, चला, अजून वाकवा. रडायचं असेल तर रडा, पण वाकवा." मला हलिमा फार आवडायची. माझा हालहवाल बाहेरून ओळखणारी तीच एक होती.

श्रावण आला. शोभनाची सून शुभ्रा नवी नवरी, तिची पहिली मंगळागौर. मंगळवारची मंगळागौर शनिवारी ठरली, कारण मंगळवारी सगळ्या ऑफिसात. गौरीलासुद्धा आता इथला वीकेंड पाठ झालाय. शुभ्रा स्वतः खाली येऊन आमंत्रण देऊन गेली. हलिमालाही छायाने बोलावलं. क्लिनिक आटोपून उशिरा येते, असं ती म्हणाली.

आदल्या दिवशी रात्रीचं जेवण चालू असताना छायाने बेत जाहीर केला. "उद्या मी शोभनाबरोबर एक फुगडी घालणार. तिला वाटतं मी तिच्यामुळे लंगडी झाले. माझी भिंगरी बघितली की विषय खलास."

माझ्या चारही पदरांना कापरं भरलं.

"हलिमाला विचारलंस का?" सदानंद म्हणाला.

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

"आई, दॅट्स द होल पॉइंट ऑफ आस्किंग," सुयश म्हणाला. हा तिचा मुलगा. कॉलेजात जातो, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देतो. त्या रात्री मला तो फार शहाणा वाटला. पण आईसमोर मुलाचं शहाणपण कुठे टिकतं?

माणसांची ही एक खोड मी पाहून ठेवलीय. जिथून नकार येणार हे पक्कं ठाऊक असतं, तिथे ती विचारायलाच जात नाहीत आणि मग "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणतात.

शनिवारी शोभनाच्या हॉलमधला सोफा बेडरूममध्ये गेला, फरशी मोकळी झाली, पत्रीचा वास दरवळला. शोभना छायाला पाणी देताना नजर चुकवत होती. शुभ्राने लाजत उखाणा घेतला. मग सगळ्या छायाच्या मागे लागल्या, तुमचाही झालाच पाहिजे. छायाने पदर खोचला.

"मांडीमागची दोरी नेऊन गुडघ्यात बांधली,
सदानंदरावांनी महिनाभर नुसती खिचडी रांधली!"

हशा पिकला. उखाण्यात नाव नवऱ्याचं आणि मान माझा, असं पहिल्यांदाच घडलं असेल. मला हसू येत होतं आणि रडूही. कारण हशा ओसरायच्या आत छाया उठली, थेट शोभनासमोर जाऊन उभी राहिली आणि हातांची फुली करून पुढे केली.

"शोभना, ये."

"छाया, मी शपथ घेतलीय."

"तू घेतलीस, मी नाही. हात दे."

मी मागच्या दोरीला म्हटलं, "मी नाही टिकणार गं. एक गिरकी, आणि संपले." ती नुसती घट्ट उभी राहिली. मला ओरडून सांगायचं होतं, छाया, बाई, आणखी काही महिने थांब, मग हवी तेवढी फीर. पण दोरीला तोंड कुठलं? दुखवून सांगावं म्हटलं, तर माझ्या नसा अजून जुळल्या नव्हत्या, मला ते दुखणंसुद्धा जमेना.

शोभनाने हात दिले. पाच महिन्यांनी. छायाने पायाला पाय लावले आणि मागे रेलायला लागली.

पण शोभना रेलली नाही. पाय रोवून, खांबासारखी उभी राहिली.

"फीर की गं!"

"नाही फिरणार."

"मग सोड हात."

"सोडणार पण नाही."

छायाने ओढून पाहिलं. शोभना हलेना. छायाने रागावून पाहिलं. शोभना सोडेना. पोरी खुदुखुदु हसायला लागल्या, शुभ्राने टाळ्या वाजवल्या, आणि बघता बघता बाकीच्या बायकांनी या दोघींना मधे ठेवून भोवती झिम्मा सुरू केला. दोघी तशाच, हातांची फुली करून, एकमेकींना धरून उभ्या.

"बघितलंस?" मागची दोरी मला म्हणाली. "असं."

आणि मला माझं नवं काम तेव्हा समजलं.

त्या गोंगाटात बेल वाजली. नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन हलिमा दारात. "या अल्ला! छायाताई, हे काय?"

"काही नाही गं, नुसत्या उभ्या आहोत," छाया घाईघाईने म्हणाली. खरंही तेच होतं.

हलिमाने डबा शुभ्राच्या हातात दिला आणि दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली. "ताई, आत्ता ती दोरी सगळ्यात कच्ची आहे. तुम्हाला मस्त वाटतंय ना, तेच डेंजर. आत नवीन जीव धरतेय ती. पाडव्यापर्यंत दम काढा, इन्शाल्ला मी स्वतः टाळ्या वाजवीन." मग तिची नजर खाली फरशीकडे गेली. "पडलात तेव्हाही अशीच लादी होती?"

"नाही, हॉटेलचा हॉल. चांगला जाड गालिचा होता," शोभना म्हणाली.

"गालिच्यावर फुगडी?" हलिमाने कपाळाला हात लावला. "अहो, आमच्या गावात गौरीला बायका फुगडी घालतात, मी लहानपणी सुट्टीत बघितलंय. सारवलेल्या अंगणात पाय कसा सरसर सरकतो! गालिच्याने पाय धरला, अंग फिरलं, झालं. आवाज आला होता का?"

"टक्क असा," छाया म्हणाली.

"तेव्हा हात कुठे होते?"

छायाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गेल्या पाच महिन्यांत तिला सगळ्यांनी गुडघ्याबद्दल विचारलं होतं. हातांबद्दल कुणीच नाही.

"हातातच होते," ती म्हणाली. "टक्क झालं तेव्हा मी हिचे हात जोरात दाबले होते. हिच्या बांगडीचा ओरखडा उठला होता मला."

"म्हणजे हात नंतर सुटले," हलिमा म्हणाली.

शोभनाने छायाच्या मनगटाकडे पाहिलं, जणू तो ओरखडा अजून तिथे असेल. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, आणि त्यातच तिला हसू फुटलं. "मग पाच महिने मी डबे कशाला वाहिले गं?"

"डबे बंद करायचे नाहीत," छाया म्हणाली. "फक्त यापुढे आत येऊन द्यायचे. आणि वेलची कमी."

एवढं होऊनही दोघींनी हात सोडले नव्हते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्यानंतरचे महिने मी मन लावून काम शिकले. रक्त पोचलं, नव्या पेशींनी घर केलं, भिजल्या सुतळीची मी पुन्हा दोरी झाले, आणि आता तर मला खेचणारी टेंडन म्हणायचं की धरणारी लिगामेंट याबद्दल डॉक्टरांचंही एकमत नाही. मांडीतल्या माझ्या रिकाम्या जागी म्हणे एक नवी कोवळी दोरी उगवतेय. तिला माझा निरोप आहे, भाडं नको, फक्त छायाला ब्रेक वेळेवर मारू दे. हलिमाने छायाला एका पायावर उड्या मारायला लावल्या, बाजूला, मागे, फिरून. मी सगळ्यात पास झाले.

यंदाच्या पाडव्यासाठी छाया आणि शोभना मिळून हॉल बघायला गेल्या. मॅनेजरने आधी जेवणाचा मेनू काढला. छायाने विचारलं, "कार्पेट है क्या?" तो अभिमानाने म्हणाला, "येस मॅडम, फुल हॉल." दोघी तशाच मागे फिरल्या. शेवटी एका शाळेचा हॉल मिळाला, गुळगुळीत लाकडी स्टेजचा. बिचाऱ्या मॅनेजरला अजून कळलं नसेल त्याचं काय चुकलं.

आणि कालच ती फुगडी झाली. हलिमा पहिल्या रांगेत, कबूल केल्याप्रमाणे टाळ्या वाजवायला. डॉक्टर हेमचंद्रसुद्धा आले होते, फुगडी म्हणजे नेमकं काय ते बघायला. शोभनाने शपथ देवाला परत केली, म्हणजे पेढे ठेवून माफी मागितली. मग बाहेर दोघींनी हातांची फुली केली, आत आम्हा दोघींची होतीच. छाया मागे रेलली, पूर्वीसारखी, पार छत दिसेपर्यंत. पाऊल सरसर सरकलं, गिरकीवर गिरकी, आणि प्रत्येक गिरकीला नडगी पुढे निसटायला बघत होती, आणि मी तिला जाऊ देत नव्हते.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. नवीन दोरी बसवली असेल तर तिला वेळ द्या. बरं वाटायला लागलं की हलिमासारख्या एखाद्या माणसाला विचारा, आणि नाही म्हणाली तर ऐका. आणि कृपा करून गालिच्यावर फुगडी घालू नका.

हां, एक राहिलंच. फुगडी थांबली, टाळ्यांचा कडकडाट झाला, दोघींना चक्कर येत होती, तरी हात हातातच.

"सोड की आता," छाया धापा टाकत म्हणाली.

"नाही सोडत," शोभना म्हणाली.

छाया, मीही नाही सोडत.